हाफकिन कोण होते? मुंबईत तयार झालेल्या प्लेगच्या लसीची गोष्ट

पोलिओ रविवारी बाळाला घेऊन तुम्ही कधी ना कधी बूथवर गेला असाल. सिस्टर किंवा आशाताई थंड डब्यातून छोटी कुपी काढतात आणि बाळाच्या तोंडात दोन थेंब सोडतात. हे थेंब तयार करणाऱ्यांत मुंबईच्या परळची हाफकिन ही संस्था आहे. हाफकिन म्हणजे काय, असे कोल्हापुरात रुग्णांना विचारले तर कोणी म्हणते औषधाची कंपनी, कोणी म्हणते साप चावल्यावरचे इंजेक्शन बनवणारे सरकारी खाते. दोन्ही उत्तरे तशी चूक नाहीत. पण हाफकिन हे एका माणसाचे आडनाव आहे, आणि त्या माणसाने मुंबईत अवघ्या तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली होती. माणसांना मोठ्या प्रमाणावर टोचलेली प्लेगची ती पहिली लस.

ती लस आज तुम्हाला कोणी टोचत नाही. तुमच्या पणजोबा-खापरपणजोबांच्या पिढीने मात्र ती टोचून घेतली, किंवा घाबरून टाळली. लसीकरणाच्या दिवशी सिस्टर काही गोष्टींबाबत इतक्या काटेकोर का असतात, हे या माणसाच्या आयुष्यातून फार चांगले समजते. म्हणून ही गोष्ट तुमच्यासाठी.

डॉक्टर नसलेला लसवाला

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म 1860 साली काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात झाला. तेव्हा ते रशियन साम्राज्यात होते, आज युक्रेनमध्ये आहे. घर ज्यू, परिस्थिती बेताची. ओडेसाच्या विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले. तिथे त्यांना मेचनिकोव्ह हे गुरू भेटले. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून टाकतात, हे दाखवून देणारे तेच मेचनिकोव्ह. त्या काळी रशियात ज्यूंवर हल्ले होत. हाफकिन बचाव करणाऱ्या तरुणांत उतरले आणि त्यांना अटकही झाली. धर्म बदलला असता तर विद्यापीठात पुढची वाट मोकळी झाली असती. ते त्यांनी केले नाही.

पुढे ते जिनिव्हाला आणि तिथून पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले. सुरुवातीला काम मिळाले ते ग्रंथालयात. उरलेल्या वेळात ते प्रयोगशाळेत बसत आणि तिथेच पटकीवरची, म्हणजे कॉलऱ्यावरची लस त्यांनी तयार केली. 18 जुलै 1892 रोजी ती त्यांनी पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. 1893 मध्ये ते भारतात आले आणि आग्र्यापासून कोलकात्याच्या वस्त्यांपर्यंत फिरून लस टोचू लागले. सुमारे सव्वादोन वर्षांत 42,000च्या आसपास लोकांना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी लस दिली. मग मलेरियाने गाठले आणि त्यांना काही काळ इंग्लंडला परतावे लागले.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. हाफकिन वैद्यकीय डॉक्टर नव्हते. आज लस बनवणाऱ्या संशोधकांपैकी कितीतरी जण डॉक्टर नसतात आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. त्या काळच्या ब्रिटिश वैद्यकीय खात्याला मात्र हा रशियातून आलेला, डॉक्टर नसलेला ज्यू माणूस खटकत असे. पुढे हे त्यांना फार महागात पडले.

गाठीचा ताप

सप्टेंबर 1896. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. मराठीत लोक याला गाठीचा ताप म्हणत, वैद्य ग्रंथिक सन्निपात म्हणत. आजार असा चाले: उंदरांना प्लेगचे जंतू लागतात, उंदीर मरतात, त्यांच्या अंगावरच्या पिसवा उपाशी राहून माणसाला चावतात. चावल्यावर साधारण 2 ते 6 दिवसांत थंडी वाजून ताप भरतो आणि जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ येते. उपचार नसेल तर या प्रकारात शंभरातले 30 ते 60 रुग्ण दगावतात. जंतू फुप्फुसात पोचले तर उपचारांशिवाय वाचणे जवळपास अशक्यच.

त्यावेळी औषध नव्हते. प्लेगचा जंतू सापडूनच जेमतेम दोन वर्षे झाली होती. सरकारने घरोघरी तपासण्या सुरू केल्या, लोकांना घरातून उचलून छावण्यांत नेले. पुण्यात त्याची परिणती जून 1897 मध्ये रँडच्या खुनात झाली, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले, तेही त्याच वर्षी, 10 मार्चला.

रोग मुंबईत थांबला नाही. रेल्वेने आणि धान्याच्या पोत्यांतून तो दख्खनभर पसरला. मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे 1891 सालीच आली होती. कोल्हापूर संस्थानातही प्लेग आला. शाहू महाराजांनी लोकांना गावाबाहेर माळावर झोपड्या घालून राहायला लावले आणि लस टोचून घेण्यासाठीही प्रोत्साहन दिले. उंदीर पडले की गाव सोडायचे, ही आठवण आपल्या भागातल्या अनेक घरांत आजी-पणजीच्या तोंडून पुढे आली आहे. पिसवांचे कोडे पूर्ण उलगडण्याआधीच लोकांना हे अनुभवातून कळले होते, आणि ते अगदी बरोबर होते.

मटणाचे पाणी आणि तुपाचे थेंब

ऑक्टोबर 1896 मध्ये हाफकिन मुंबईत पोचले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली, बाहेरचा व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. एवढ्यावर जगातल्या सर्वांत भयंकर जंतूंपैकी एकाबरोबर काम करायचे. ताण इतका की मदतनिसांपैकी एकाचे मन:स्वास्थ्य ढासळले आणि दोघे काम सोडून गेले.

लस बनवायची त्यांची पद्धत मला नेहमी आपल्या स्वयंपाकघराच्या जवळची वाटते. जंतू वाढवायला मांसाचा रस्सा लागतो. युरोपात तो गाईच्या मांसाचा करत. इथे ते चालणार नाही, डुकराचेही चालणार नाही, हे ओळखून त्यांनी बकऱ्याचे मांस वापरले. त्या पाण्यावर त्यांनी साजूक तुपाचे थेंब तरंगत ठेवले. प्लेगचे जंतू तुपाच्या खालच्या बाजूला धरून राहत आणि तिथून छताला लोंबणाऱ्या जाळ्यासारखे खाली वाढत. काही दिवसांनी बाटली हलवायची, जाळी तळाला बसू द्यायची, की तुपाखाली नवे पीक. असे काही आठवडे. मग बाटली साधारण 65 ते 70 अंश सेल्सियसला तासभर तापवून जंतू मारायचे आणि वर थोडे कार्बोलिक ॲसिड घालायचे, म्हणजे दुसरे कोणते जंतू त्यात वाढणार नाहीत.

म्हणजे टोचायचे ते मेलेले जंतू. मेलेला जंतू रोग करू शकत नाही, पण शरीर त्याची ओळख लक्षात ठेवते. पुढे खरा जंतू आला तर शरीराची तयारी आधीच झालेली असते. लस घेतल्यावर एक-दोन दिवस ताप येतो, दंड दुखतो, ही त्या तयारीचीच खूण असते. मृत जंतूंच्या किंवा त्यांच्या तुकड्यांच्या लसी आजही आपण याच तत्त्वावर वापरतो. तुमच्या बाळाच्या पेंटाव्हॅलंट लसीत डांग्या खोकल्याचा भाग असतो, तो बहुधा असाच मेलेल्या जंतूंचा.

10 जानेवारी 1897 रोजी हाफकिन यांनी ही लस पुन्हा पहिल्यांदा स्वतःच्याच अंगात घेतली, तीही 10 मिलिलिटर. पुढे लोकांना दिला गेलेला डोस याच्या कितीतरी कमी होता. त्यांना चांगलाच ताप भरला, टोचलेली जागा दुखली, आणि ते कामावर हजर राहिले.

लस काम करते हे कसे कळले?

तुम्ही औषध घेता आणि बरे वाटते. ते औषधामुळे की आपोआप? हे ठरवायचे तर औषध न घेतलेल्यांशी तुलना करावी लागते. हाफकिन यांनी तेच केले.

जानेवारी 1897 अखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या दीडशेच्या आसपास कैद्यांनी लस घ्यायची तयारी दाखवली, बाकीच्यांनी घेतली नाही. सगळ्यांचे जेवण, कोठड्या, उंदीर सारखेच. पुढच्या दिवसांत लस न घेतलेल्यांपैकी 12 जणांना प्लेग झाला आणि 6 दगावले. लस घेतलेल्यांपैकी दोघांना झाला, दोघेही वाचले. (लस टोचली त्याच दिवशी आजारी पडलेले तिघे यात धरलेले नाहीत. त्यांच्या अंगात रोग आधीच शिरला होता.) तुरुंगातल्या माणसाचा होकार खरा होकार असतो का, हा प्रश्न आज कोणतीही नीतिसमिती विचारील, आणि विचारलाच पाहिजे.

दुसरा प्रयोग मला जास्त पटतो. फेब्रुवारी 1898 मध्ये बडोदा संस्थानातल्या उंढेरा गावात प्लेग चालू होता. तिथे प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या लोकांना लस दिली, निम्म्यांना नाही. घर एक, चूल एक. लस घेतलेल्या 71 जणांपैकी 8 आजारी पडले आणि 3 दगावले. न घेतलेल्या 64 जणांपैकी 27 आजारी पडले आणि 26 दगावले.

हे आकडे दोनदा वाचा. लस घेऊनही तिघे गेले. लस म्हणजे अभेद्य कवच नव्हे, तेव्हाही नव्हते. ती धोका कमी करते, आणि इथे तो किती कमी झाला ते तुम्हाला दिसतेच आहे. लस घेऊन पण झालाच ना आजार, असे दवाखान्यात कोणी म्हटले की मला उंढेऱ्याची ती घरे आठवतात.

लोकांचा विश्वास बसायला मात्र वेळ लागला. सरकारच्या जुलमी छावण्या ज्यांनी पाहिल्या, ते सरकारच्या सुईवर विश्वास ठेवतील कसे? आगाखान यांनी चारचौघांसमोर स्वतः लस टोचून घेतली आणि मग त्यांच्या खोजा समाजातल्या हजारोंनी घेतली. प्रयोगशाळेसाठी त्यांनी आपला बंगलाही दिला. 1899 मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. ती आजही तिथेच आहे.

बाटली क्रमांक 53-एन

1902 मध्ये पंजाबात प्लेगने कहर केला. लाखो डोस हवे होते. वेग वाढवण्यासाठी मुंबईच्या प्रयोगशाळेने पद्धतीत बदल केला: कार्बोलिक ॲसिड वगळले आणि फक्त उष्णतेने निर्जंतुक करण्यावर भर दिला. ही पद्धत पॅरिसमध्ये वापरात होती.

30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावात (हे आता पाकिस्तानात आहे) पाच बाटल्यांतून 107 जणांना लस टोचली. त्यातल्या 53-एन क्रमांकाच्या बाटलीतून 19 जणांना दिली होती. आठवड्याभरात त्या 19 जणांना धनुर्वात झाला. एकही वाचला नाही. उरलेल्या 88 जणांपैकी कोणालाही काही झाले नाही.

चौकशी समितीने दोष मुंबईच्या प्रयोगशाळेकडे, म्हणजे पर्यायाने हाफकिन यांच्याकडे वळवला. त्यांचे पद गेले. 1904 मध्ये ते भारत सोडून गेले.

आता साक्षीत काय होते ते पाहा. त्या दिवशी बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातला चिमटा जमिनीवर पडला होता. त्याने तो फिकट कार्बोलिकच्या पाण्यात नुसता हलवला आणि त्यानेच बूच काढले. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात, बीजरूपात वर्षानुवर्षे टिकतात, आणि औषधाच्या पाण्यात बुडवून काढल्याने मरत नाहीत. शिवाय ती बाटली मुंबईत महिन्याभराहून आधी भरलेली होती. तेव्हापासून आत धनुर्वाताचे जंतू वाढत असते तर उघडताच घाण वास आला असता. टोचणाऱ्या डॉक्टरांना तसा वास आला नव्हता. म्हणजे घाण आत गेली ती गावात, त्या सकाळी, त्या चिमट्यावरून.

कार्बोलिक वगळले नसते तर ते 19 जण वाचले असते का? माझ्या मते तरी फरक पडला नसता, कारण इतक्या थोड्या कार्बोलिकने धनुर्वाताची बीजे काही तासांत मरत नाहीत. पण असे सुरक्षेचे थर एकावर एक असतात तेव्हाच उपयोगी पडतात, त्यामुळे थर काढणे धोक्याचेच होते असेही म्हणता येईल. दोषी कोण ठरले ते मात्र न्यायाला धरून नव्हते.

मलेरिया डासांमुळे पसरतो हे भारतात काम करून सिद्ध करणारे, नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस यांनी हे प्रकरण हाती घेतले. जुलै 1907 मध्ये त्यांच्यासह दहा शास्त्रज्ञांचे हाफकिन यांच्या बाजूने पत्र लंडनच्या टाइम्स वृत्तपत्रात आले. शेवटी सरकारने हाफकिन यांना निर्दोष मानले. पाच वर्षे गेली होती.

ते परत भारतात आले, पण परळची प्रयोगशाळा त्यांना मिळाली नाही. कोलकात्यात नेमणूक झाली. मोठे काम त्यांच्या हातून पुन्हा झाले नाही. 1914 मध्ये ते निवृत्त होऊन युरोपात गेले, एकटेच राहिले आणि 1930 मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझान शहरात वारले. त्याआधी 1925 मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव दिले गेले, एवढे तरी त्यांच्या हयातीत झाले. तोवर मुंबईतून सुमारे 2 कोटी 60 लाख डोस बाहेर गेले होते. 1964 मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

ही लस मग गेली कुठे?

तिचे संरक्षण काही महिनेच टिके, ताप बराच येई आणि फुप्फुसाच्या प्लेगवर तिचा भरवसा नव्हता. दरम्यान उंदीर-पिसवांचा बंदोबस्त सुधारला आणि 1940 च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आले. आज प्लेग वेळेत ओळखला तर स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, डॉक्सिसायक्लिन अशा औषधांनी बरा होतो. 1994 मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आणि नंतर सुरतेत प्लेगने डोके वर काढले, तेव्हाही काम केले ते औषधांनी आणि फवारणीने. घराच्या आसपास एकाच वेळी बरेच उंदीर मरून पडलेले दिसले तर उघड्या हाताने उचलू नका. महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आरोग्य विभागाला कळवा. त्या काळात कोणाला थंडीताप आणि जांघेत दुखरी गाठ आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि उंदरांचेही सांगा.

तुमच्या लसीकरणाच्या दिवशी

आता मलकोवालचा चिमटा डोळ्यांसमोर ठेवून लसीकरण केंद्रात बघा. सिस्टर प्रत्येक बाळासाठी नवी सिरिंज तुमच्यासमोर फोडतात. ती एकदा वापरली की दट्ट्या अडकतो, दुसऱ्यांदा वापरताच येत नाही. कुपीच्या तोंडाला रबर असते. बूच काढायचेच नाही, सुई रबरातूनच आत जाते. कुपीवर उघडल्याची तारीख आणि वेळ लिहितात. गोवर-रुबेला आणि बीसीजी या लसी पावडर विरघळवून करतात आणि त्यात जंतू रोखणारे द्रव्य नसते. म्हणून चार तासांनी उरलेले डोस फेकून देतात. कधी सिस्टर म्हणतात, आता गोवरची कुपी नव्याने उघडत नाही, पुढच्या सत्राला या, तेव्हा रागावू नका. शक्य असेल तर लसीकरणाच्या दिवशी सकाळी लवकर जा. टोचल्यावर अर्धा तास थांबायला सांगतात, तेवढे थांबा. कार्ड जपून ठेवा. खासगी दवाखान्यात लस घेतली तर बॅच क्रमांक कार्डावर लिहून घ्या. 53-एन ही एकच बाटली दोषी होती हे त्या नोंदींमुळेच कळले.

आणि धनुर्वात. त्या 19 जणांच्या वेळी धनुर्वाताची लस नव्हती, ती 1920 च्या दशकात आली. तुमच्याकडे आहे. बाळाला 6, 10 आणि 14 आठवड्यांना, मग दीड-दोन वर्षांच्या आसपास, पाच-सहा वर्षांना, पुढे 10 आणि 16 वर्षांना. गरोदरपणात आईला. मोठ्या माणसांनी दर दहा वर्षांनी एक डोस घ्यावा. शेतात, गोठ्यात, उसाच्या फडात काम करणाऱ्यांचा हाच डोस सर्वांत जास्त राहून जातो. शेवटचा कधी घेतला ते आठवत नसेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा. खिळा, विळा किंवा कोयता लागून जखम झाली असेल तर भेटीची वाट पाहू नका. जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा.